गंजलेल्या गाडीचा जीर्णोद्धार

हौसेला मोल नसतं असं म्हणतात. आमच्या घरच्या हौसेचा मात्र पै न् पै हिशेब आहे. निळ्या पुठ्ठ्याच्या दोनशे पानी वहीत सौभाग्यवतींच्या अक्षरात पहिल्या दोन ओळी आहेत : ‘जुनी गाडी – ७०,००० रु. ट्रॅक्टर-ट्रॉलीचं भाडं – ४,५०० रु.’ पारशिवनीत चर्चा झाली ती या दुसऱ्या ओळीची. आमडी फाट्यावरून गाडी गावात आली ती ट्रॉलीवर, दोरखंडांनी बांधून. चारही टायर बसलेले, दिव्यांच्या जागी दोन भोकं, छतावर वाळलेलं गवत. बसस्टँडवर एकाने हटकलंच, ‘काहो गुरुजी, रिटायर झाल्यावर भंगाराचा धंदा सुरू करून राहिले का?’

ही गाडी म्हणजे १९६६ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. रामटेक तालुक्यात खाणींच्या भागात नोकरी केलेल्या एका अधिकाऱ्यांच्या घरामागे, गोठ्याच्या छपराखाली ती वीस वर्षं उभी होती. अधिकारी गेले, मुलं परगावी स्थायिक झाली, घर विकायला निघालं. भंगारवाला किलोवर मागत होता. सुमारे ८०० किलोंची गाडी. वीस-बावीस हजार झाले असते. २०२१च्या दिवाळीनंतर मी ती घेतली, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. गेल्या काही वर्षांत अनेकांनी विचारलं की असली गाडी घ्यावी का, घेताना काय पाहावं, आणि मुळात कशासाठी. या तीन प्रश्नांची मला सापडलेली उत्तरं इथे मांडतो आहे.

स्पोर्ट्स कारचं गोत्र

परदेशातल्या मासिकांत गंजलेल्या स्पोर्ट्स कारच्या गोष्टी नेहमी येतात. कुठल्यातरी शेतावरच्या कोठारात झाकलेली गाडी सापडते आणि हौशी माणूस तिला पुन्हा रस्त्यावर आणतो. एल्व्हिस प्रेस्लीने जर्मनीत लष्करी नोकरीत असताना वापरलेली बीएमडब्ल्यू ५०७ अशीच कॅलिफोर्नियात भोपळे ठेवायच्या एका गोदामात पडून होती. कंपनीने ती म्युनिकला नेली, दोन वर्षं तिच्यावर काम केलं आणि २०१६ साली पुन्हा लोकांसमोर आणली.

आपल्याकडे असली कोठारं का नाहीत, याचं उत्तर इतिहासात आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. स्वातंत्र्यानंतर टॅरिफ कमिशनच्या १९५३च्या अहवालापाठोपाठ धोरण ठरलं की, ज्यांना सुटे भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सने १९५४ साली गाशा गुंडाळला. मग मध्यमवर्गाच्या वाट्याला तीनच नावं उरली : उत्तरपाड्याची अँबेसेडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे ते दिवस. तिथे दोन सीटची स्पोर्ट्स कार कोण बनवणार आणि कोण घेणार? संस्थानिक, बडे उद्योगपती, छावण्यांतले अधिकारी यांच्यापुरतीच ती राहिली.

तरीही या तिघींत हेराल्डचं गोत्र निराळं. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली आली. तिचं रेखाटन इटलीतल्या तुरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचं. तिच्याच चेसिसची लांबी कमी करून, त्याच मिकेलोत्तींच्या रेखाटनावरून, ट्रायम्फने १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही स्पोर्ट्स कार काढली. ती १९८०पर्यंत बनत होती आणि आज जगभरच्या हौशी लोकांची लाडकी आहे. म्हणजे मद्रासला १९६१पासून बनू लागलेली आपली हेराल्ड स्पोर्ट्स कार नव्हे, पण स्पोर्ट्स कारची सख्खी थोरली बहीण. इंजिन फक्त ९४८ सीसीचं. मात्र स्टेअरिंग असं की २५ फुटांच्या वर्तुळात गाडी वळते. इतवारीच्या गल्लीत आजही तिच्याइतकी सहज वळणारी गाडी मी पाहिलेली नाही.

तिची आणखी एक गंमत आहे. त्या काळी स्टँडर्ड-ट्रायम्फला अख्ख्या बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीच्या हाती गेला होता. म्हणून हेराल्डची बॉडी तुकड्यातुकड्यांनी, निरनिराळ्या ठिकाणी बनवून बोल्टांनी जोडता येईल अशी आखली गेली. खाली स्वतंत्र चेसिस, वर बोल्टांनी कसलेले भाग. पुढचं बॉनेट मडगार्डांसकट एका झटक्यात पुढे उघडतं आणि इंजिनच काय, पुढची चाकंही उघडी पडतात. चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. साठहून अधिक वर्षांपूर्वी एका कंपनीवर आलेली अडचण आज माझ्यासारख्याच्या पथ्यावर पडली, कारण जी गाडी बोल्ट काढून सुटी होते तीच खेड्यातल्या अंगणात दुरुस्त होऊ शकते.

आधी कागद, मग पत्रा

जुनी गाडी घेणाऱ्याने पत्र्याला हात लावण्याआधी कागद मागावेत. आरसी बुक आहे का, त्यावरचे इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या आकड्यांशी जुळतात का, मूळ मालक हयात नसेल तर सगळ्या वारसांची संमती लेखी मिळते का. यातलं एक जरी अडलं तरी गाडी कितीही देखणी असो, ती अंगणातली शोभेची वस्तूच राहते. माझ्या गाडीचं हाताने लिहिलेलं पुस्तक अधिकाऱ्यांच्या पत्नीने साड्यांच्या ट्रंकेत जपून ठेवलं होतं. ते नसतं तर मी परत फिरलो असतो.

कायदाही आता अशा गाड्यांना ओळखतो. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठी उलथापालथ न केलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि ती १० वर्षं चालते. नव्याने नोंदणाऱ्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्यांना जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की, ती रोजच्या ये-जा करण्यासाठी किंवा धंद्यासाठी वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच तिने रस्त्यावर यावं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरणही जाहीर झालं. एकीकडे म्हाताऱ्या गाड्यांना निरोप आणि दुसरीकडे अतिम्हाताऱ्यांना मान, असा हा मामला आहे. यात नेमक्या मधल्या वयाच्या, तीस-चाळीस वर्षांच्या गाड्यांचे हाल होतात, हेही घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

गंज म्हणजे काय

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज चढतो, हे मी मुलांना सातवीत शिकवत होतो. पण ॲल्युमिनियमवर चढणारा थर आतल्या धातूचं रक्षण करतो आणि लोखंडावरचा गंज मात्र फुगतो, पापुद्रे धरतो, सुटतो आणि आतल्या ताज्या लोखंडाला पुन्हा उघडं पाडतो, हे खऱ्या अर्थाने कळलं ते हेराल्डच्या पायदानाखाली बोट घातल्यावर. बोट सरळ पलीकडे गेलं.

विदर्भाचा एक फायदा आहे. मुंबई-कोकणातली खारी हवा इथे नाही. त्यामुळे पत्रा तितक्या झपाट्याने खात नाही. पण ४५-४६ अंशांच्या उन्हात रबर तडकतं, रंग पांढरा पडतो, सीटच्या गाद्यांचा भुगा होतो. शिवाय गोठ्यात गाडीवर रचलेला कडबा आणि गवत पावसाळाभर ओल धरून ठेवतात. आमच्या गाडीचं छत गंजलं ते पावसाने नव्हे, या गवताने. मागच्या सीटखाली उंदरांच्या कित्येक पिढ्या नांदल्या होत्या.

घेताना दोन साधी हत्यारं खिशात असावीत : लोहचुंबक आणि स्क्रू-ड्रायव्हर. रंग छान दिसतो आणि चुंबक चिकटत नाही, म्हणजे खाली पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. रंगाला फोड आले असतील तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हळूच ठोकावं. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर खाली गंज आहे. दारं उघडून सोडून पाहावीत. दार खाली लोंबलं आणि फट वर अरुंद, खाली रुंद दिसली तर चेसिस वाकलेलं किंवा कुजलेलं असू शकतं. हेराल्डसारख्या गाडीत चेसिस सुस्थितीत असेल तर बाकी सगळं होतं. चेसिसच गेलेलं असेल तर पैसे खिशातच राहू द्यावेत.

इंजिन जाम असलं तर घाबरू नये. स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून डिझेल आणि तेल सोडायचं, आठ-दहा दिवस वाट पाहायची आणि मग हळुवार हाताने फिरवायचं. आमचं अकराव्या दिवशी सुटलं. पेट्रोलची टाकी मात्र धोक्याची. रिकाम्या टाकीत वर्षानुवर्षं वाफ राहते. तिला वेल्डिंगची ज्योत लावणं म्हणजे बॉम्ब पेटवणं. मिस्त्रींनी ती आधी अनेक वेळा धुतली आणि गळ्यापर्यंत पाणी भरल्याशिवाय जवळ आग आणू दिली नाही. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असे. आजच्या सवयीने उलटी जोडली तर नुकसान ठरलेलं. नट-बोल्टही इंचाच्या मापाचे, त्यांना मिलिमीटरचे पाने लावले की कडा गोल होतात. पुढच्या चाकांच्या खालच्या सांध्यात पितळी जातीचा एक तुकडा असतो, त्याला ट्रुनियन म्हणतात. तिथे ग्रीस नव्हे, गिअरचं जाड तेल लागतं. तेल न मिळाल्यास तो सांधा झिजून तुटतो आणि चालत्या गाडीचं चाक मुडपतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं आणि ओल ओढतं. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या, त्याला टिकणाऱ्या रबराच्या टाकल्या.

सुटे भाग मिळण्याची एक वाट चेन्नईच्या पुदुपेट बाजारातून जाते आणि दुसरी थेट इंग्लंडमधून. स्पिटफायरचे शौकीन इतके आहेत की तिथे तिचे अनेक भाग अजून नव्याने बनतात आणि त्यातले कित्येक हेराल्डला चालतात. धाकट्या बहिणीचं वैभव थोरलीच्या कामी येतं ते असं!

हात आहेत तोवर

या सगळ्याहून अवघड गोष्ट कुठल्याच बाजारात मिळत नाही. ती म्हणजे पत्राकाम जाणणारा माणूस.

आमचे मिस्त्री कन्हानचे. वय सत्तरीच्या पुढे. उमेदीत त्यांनी ट्रक आणि अँबेसेडर ठोकल्या, पुढे फियाट आणि मग मारुती आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, एक शब्द बोलले नाहीत. मग डोळे मिटून तळहात पत्र्यावरून फिरवला. म्हणाले, ‘गुरुजी, डोळे फसवतात जी. पत्रा हाताला खरं सांगते.’

त्यानंतरची दोन वर्षं मी त्यांच्याजवळ स्टूल टाकून बसलो. चोच आलेला पत्रा सरळ करताना एका हाताने मागून लोखंडी डॉली धरायची आणि दुसऱ्याने पुढून हातोडी मारायची. घाव मोठा नको, पुष्कळ आणि हलके हवेत. ठोकून ठोकून पत्रा ताणला जातो, फुगतो. मग गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढी जागा लाल करायची, चार टोले द्यायचे आणि ओल्या फडक्याने थंड करायची. ताणलेला पत्रा आक्रसून जागेवर येतो. कुजलेला भाग कापून नवा बसवताना वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने त्याला गोलाई द्यायची. पूर्वी उरलेला खोलगटपणा कथील आणि शिसं वितळवून भरत. आता लांबी भरतात. ‘लांबी कागदाएवढी पाहिजे, पोळीएवढी नाही,’ हे त्यांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

नव्या गाडीला असलं काम नको असतं. धडक बसली की बंपर बदला, दार बदला, विम्याचा फॉर्म भरा. त्यात गैर काही नाही. मालकाला गाडी चार दिवसांत हवी असते आणि विमा कंपनीला हिशेब सरळ हवा असतो. पण त्यामुळे पत्रा ठोकायला शिकायचं ठिकाणच उरलेलं नाही. जुन्या गाडीचा जीर्णोद्धार ही आता या विद्येची अखेरच्या काही शाळांपैकी एक आहे. गाडी आणखी वीस वर्षं छपराखाली थांबू शकते. मिस्त्रींचे डोळे तेवढं थांबणार नाहीत. घाई असलीच तर ती एवढ्याचसाठी.

घरच्यांशी करार

असं वाचून कुणी उद्याच गाडी शोधायला निघेल, म्हणून घरचीही बाजू सांगायला हवी. सौभाग्यवतींनी गाडी अंगणात येण्याआधी तीन अटी घातल्या. कर्ज काढायचं नाही. मुलीच्या नावाच्या ठेवीला हात लावायचा नाही. आणि वही त्या स्वतः लिहिणार. ‘अहो, तुम्ही लिहिली तर निम्मे आकडे विसराल,’ हे त्याचं कारण. पेन्शनमधून महिन्याला ठरलेली रक्कम बाजूला पडते. ती संपली की काम थांबतं. एकदा रेडिएटर झाल्यावर चार महिने थांबलं होतं. वहीतली बेरीज आजवर ३ लाख ४० हजारांवर गेली आहे. गाडी विकली तर हे पैसे निघणार नाहीत, हे दोघांनाही माहीत आहे. गुंतवणूक म्हणून कुणी जुनी गाडी घेत असेल, तर त्याने सोनं घ्यावं.

मुलगा पुण्याला असतो. सुरुवातीला म्हणाला, ‘बाबा, एवढ्यात सेकंडहँड चांगली गाडी आली असती, आईला दवाखान्यात नेता आलं असतं.’ त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणून वापराची वेगळी गाडी आहे, एमएच-४० नंबरची, साधी. दवाखाना, बाजार, लग्नकार्य तीच करते. या दोहोंची गल्लत केली की जीर्णोद्धार हा घरातला तंटा होतो.

एक प्रश्न शेजारचे अजून विचारतात : पायदान नवं, छताचा तुकडा नवा, नळ्या नव्या, सीट नव्या, मग ही तीच गाडी कशी? देवळाचा जीर्णोद्धार करताना शिखराचे दगड बदलतात, फरशी बदलते, तरी आपण देऊळ तेच म्हणतो, कारण पाया आणि गाभारा तोच असतो. आमच्या गाडीचं चेसिस, इंजिन आणि बॉडीचा सांगाडा मूळचा आहे. जे बदललं त्याची नोंद वहीत आहे आणि काढलेले तुकडे पेटीत ठेवलेत. काय जुनं आणि काय नवं हे पुढच्याला प्रामाणिकपणे सांगता आलं पाहिजे, एवढा नियम मी पाळतो.

गाडी गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर चालली. रंग निम्मा, एक दार प्रायमरमध्ये. घोगऱ्याच्या महादेवापर्यंत गेलो आणि परत आलो. पेंचच्या काठावर तिला उभी केली तर आंघोळीला आलेली माणसं भोवती जमली. कुणाच्या काकाकडे, कुणाच्या डॉक्टरकडे, कुणाच्या ठेकेदाराकडे ‘अशीच’ गाडी होती. अर्ध्यांकडे ती खरं तर फियाट असावी.

मिस्त्रींचा नातू आयटीआय झालेला आहे. नागपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तो पार्ट बदलण्याच्या कामावर आहे. पगार वेळेवर होतो. आजोबांच्या हातोडीने तो कधी झाला नव्हता, हे तो स्पष्ट बोलतो आणि आजोबाही नाकारत नाहीत. पण सुट्टीच्या दिवशी तो आमच्या अंगणात येतो. डाव्या दाराचा खालचा पत्रा कापण्यापासून बसवण्यापर्यंत त्याने एकट्याने केला. झाल्यावर मिस्त्रींनी डोळे मिटून तळहात फिरवला, एका जागी थांबले आणि म्हणाले, ‘इथं अजून चार टोले.’ पोराने कुरकुर न करता डॉली उचलली. त्या दाराला अजून रंग लागायचा आहे.